उंबऱ्याशी अडलेला फेरा

दिवाळखोर व्हायलाही पात्रता लागते, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं, गडहिंग्लज नगरपरिषदेच्या कर्ज-सल्ला खिडकीसमोर उभं असताना.

"नापास," खिडकीतले बसगोंडाकाका म्हणाले. "दोघंबी."

"इथंबी?" धैर्यशीलने विचारलं. दहावीच्या गणिताला दोनदा बसलेला माणूस तो, त्याला हा शब्द परका नव्हता. धैर्यशील चौगुले म्हणजे माझा नवरा. हाक मारताना मी 'अहो'च म्हणते, पण लिहिताना एवढं चांगलं नाव वाया कशाला घालवायचं?

बसगोंडाकाकांनी कागद आमच्याकडे फिरवला. २०४३ सालच्या नव्या कायद्यात कर्जबाजारी जोडप्यांना सरसकट माफी होती, पण दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न पस्तीस हजारांच्या आत पाहिजे. आमचं निघालं छत्तीस हजार एकशे चाळीस. शिवाय नावावर यंत्र नको. आमच्या नावावर बेकरीची विजेची भट्टी.

"भट्टी कर्जावर घेतलीय काका," मी म्हणाले. "त्या कर्जानंच तर बुडालोय आम्ही."

"खरं हाय. पण कायद्याच्या लेखी तुम्ही भट्टीवालं हाईसा. एकशे चाळीस अन् हजार रुपयांनी श्रीमंत. अभिनंदन." काका हसले नाहीत. तीस वर्षं ते एका बँकेचे वसुली अधिकारी होते, लोकांच्या घरातले टीव्ही उचलून आणायचे. निवृत्त झाल्यावर नगरपरिषदेने त्यांनाच सल्ला द्यायला बसवलं. कर्जातून सुटायच्या वाटा त्यांना ठाऊक असणारच, आयुष्यभर त्यांनीच त्या अडवल्या होत्या.

भट्टीची हकिगत सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी नव्या नियमाने शहरातल्या लाकडावरच्या भट्ट्या बंद झाल्या. धुराचा त्रास मलाही होता, त्यामुळे नियम वाईट म्हणवत नाही. पण नवी भट्टी चौदा लाखांची. गावातल्या एका पतसंस्थेने कर्ज दिलं आणि भट्टीसोबत तिच्या पोटातलं कुलूपही आलं. सगळे त्याला हप्ता-कुलूप म्हणतात. भट्टीतली एक चकती पतसंस्थेच्या हिशेबाशी जोडलेली असते. तीन हप्ते चुकले की भट्टी एकशे चाळीस अंशांच्या वर तापतच नाही. एकशे चाळीसवर पाव फुगत नाही, खारी सुटत नाही, नानकटाई भाजत नाही. सुकतात ते फक्त टोस्ट. महिनाभर आम्ही इतके टोस्ट विकले की बाहेरच्याला वाटावं, सगळ्या गडहिंग्लजचं पोट बिघडलंय.

आणि दिवाळी बारा दिवसांवर आली होती. वसुबारसेच्या आत दोन लाख चार हजारांची थकबाकी भरली नाही तर संस्था भट्टी उचलून नेणार होती. भट्टी गेली की धैर्यशीलच्या आजोबांपासूनची बेकरी संपली.

"मग आता काय करायचं ओ?" धैर्यशीलने विचारलं.

"सगळी कर्जं गिळून एक मोठं कर्ज काढता येतंय. हप्ता निम्मा हुतोय, पर बारा वर्षं फेडत बसा. न्हाईतर संस्थेशी तडजोड. त्या लोकांस्नी बोलतो मी, लई खाली येतील. पर रक्कम एका दमात पायजे. हाय?"

"एका दमात हप्ता नाही भरता येत," मी म्हणाले.

"मग भट्टी इकायची."

आम्ही दोघंही भिंतीवरच्या पंख्याकडे बघू लागलो. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ऱ्हायला फेरा. बसा खाली, हे जरा निवांत सांगाय लागंल."

फेऱ्याचं गणित तसं दुसरीतल्या पोराला कळेल असं आहे. मी तुमचे शंभर रुपये देणं लागते, तुम्ही शेजारणीचे शंभर लागता आणि शेजारीण माझे शंभर लागते. तिघीही महिनाभर एकमेकींना टाळतो, रस्ता बदलून जातो. प्रत्यक्षात एक रुपयाही इकडचा तिकडे न करता तिघींचं देणं खोडता येतं. अडचण एवढीच, की चाळीस हजार वस्तीच्या गावात कोण कुणाचं देणं लागतं हे कुणी बोलत नाही. अब्रूचा प्रश्न असतो. आणि सगळे बोलले तरी त्या गुंत्यातून अशी वर्तुळं शोधायला माणसाला जन्म पुरणार नाही.

दोन शोधांनी हे बदललं. एक बंद पाकिटातल्या बेरजेचा. तुम्ही तुमचा आकडा फोनवर लिहिलात की तो तिथेच एका सांकेतिक पाकिटात बंद होतो. यंत्र ती पाकिटं न उघडता त्यांची बेरीज-वजाबाकी करतं आणि उत्तराचं पाकीट फक्त तुमच्या किल्लीने उघडतं. यंत्र चालवणाऱ्यालाही आतलं दिसत नाही. दुसरा शोध वर्तुळं हुडकण्याचा. पूर्वी ज्याला महिने लागले असते, ते काम नवी गणकयंत्रं चहा होईपर्यंत करतात. त्यामुळे लोक बिनधास्त आपली हातउसनीसुद्धा मांडू लागले. दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या तालुक्यात फेरा चालायचा.

नियम दोनच, पण कडक. देणारा आणि घेणारा, दोघांनीही आपापल्या फोनवर 'खरं आहे' म्हणायचं. आणि देणं जुनं, खरोखर झालेलं पाहिजे. बक्षीसपत्र, नावावर करून देणं, असलं काही चालत नाही, नाहीतर लोकांनी एका दिवसात यंत्राला गुंडाळून ठेवलं असतं.

त्या सोमवारी आम्ही सगळं मांडलं. धैर्यशीलने संस्थेचं कर्ज मांडलं. मी माझी उधारी मांडली.

माझी उधारी म्हणजे नानकटाई. आमच्याकडे दिवाळीत बायका मैदा, तूप, पिठीसाखर घरून डब्यात घेऊन येतात आणि बेकरीत नानकटाई भाजून नेतात. तूप आपल्या डोळ्यांसमोर पडलं पाहिजे, हा इथल्या बायकांचा बाणा. भाजणावळीचा हा धंदा माझा, माझ्या नावावर नोंदलेला. किलोमागे जे होईल ते घ्यायचं. पण गेली तीन वर्षं प्रत्येक डब्यामागे एकच वाक्य यायचं, "दिवाळी झाल्यावर देते गं." आणि मी "बरं" म्हणायचे. धैर्यशील म्हणायचा, तुला नाही म्हणता येत नाही. मी म्हणायचे, तुम्हाला धंदा करता येत नाही. तीनशेच्या आसपास घरं, तीन दिवाळ्या, सव्वादोन लाखांच्या घरात उधारी.

पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. आमचं काहीही खोडलं गेलं नव्हतं. माझ्या फोनवर लिहिलं होतं : 'तुमच्यापर्यंत येणारा फेरा आहे, तुमच्यापासून पुढे जाणारा नाही.' धैर्यशीलच्या फोनवर : 'तुमच्यापासून निघणारा फेरा आहे, तुमच्यापर्यंत येणारा नाही.'

मी दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. मधे चार बोटांचं अंतर.

दुसऱ्या दिवशी बसगोंडाकाकांनी पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं. धैर्यशील संस्थेचं देणं लागतो. संस्था ठेवीदारांचं देणं लागते, पण कर्जं थकल्यामुळे ती कुणाच्याच ठेवी धड देत नाही. ठेवीदार म्हणजे कोण, तर ह्याच डबेवाल्या बायका. ठेवी अडकल्या म्हणून त्या माझी भाजणावळ देत नाहीत. गावात पैसा नव्हता असं नाही, तो एकमेकांच्या दारात अडून बसला होता.

"सगळं गाव फिरून फेरा तुमच्या उंबऱ्यापातूर आलाय," काका म्हणाले. "आत शिरतोय बायकोकडं, निघतोय नवऱ्याकडनं. मधी दोघांत कायबी देणं-घेणं मांडलंच न्हाई तुम्ही."

"नवराबायकोत कसलं मांडायचं ओ?" धैर्यशील म्हणाला.

"सगळी असंच म्हणत्यात. अन् यंत्राला तुमचं लगीन म्हाईत न्हाई. त्याला तुम्ही दोन माणसं."

मला एकदम हुरूप आला. "मांडते की! भट्टीच्या वेळी माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या गेल्या. हे माझं देणं लागतात!"

"ते मांडायलाच पाहिजे," धैर्यशील लगेच म्हणाला, आणि तिथेच त्याने 'खरं आहे' दाबलं. मला वाटलं होतं थोडा तरी वाद घालेल.

काकांनी कपाळावर हात मारला. "बाण उलटा झाला बाई. तो तुझं लागतोय हे न्हाई उपेगाचं, काढून टाका ते. तू त्याचं लागाय पायजेस."

"मी? ह्यांचं?" मी हसलेच. आमच्या घरात कोण कुणाचं लागतं, ह्याबद्दल माझ्या मनात लग्नाच्या बारा वर्षांत कधी शंका आली नव्हती.

पण घरी येताना दुसरा विचार सुचला. पाच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं, अप्पांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात खर्चाच्या जबाबदारीची सही मी केली होती, कारण थोरली मी. आणि पैसे दिले होते माझ्या धाकट्या भावाने, विश्वजितने. दोन लाख साठ हजार, एका शब्दावर. तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, हे माझं देणं समज. ते मांडलं तर कदाचित विश्वजितकडून फिरून कुठेतरी वाट निघेल. आणि खरं सांगायचं तर ती रक्कम मला तोंडपाठ होती, कारण दर दिवाळीला मी ती धैर्यशीलला ऐकवायचे. त्याच वर्षी त्याने आमचा चांगला चालता टेम्पो, बॅटरी मेली म्हणून, भंगारात देऊन टाकला होता आणि तेव्हापासून सायकलवर पाव पोचवत होता. "माझ्या भावानं एका शब्दावर अडीच लाख काढून दिले, आणि तुम्हाला टेम्पोसुद्धा धड विकता आला नाही." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन, त्याचा हिशेब कुठलंच यंत्र ठेवत नव्हतं हे बरं.

पुढच्या सोमवारी सकाळीच मी आजऱ्याची गाडी धरली. वसुबारस बुधवारी होती, म्हणजे हा शेवटचा फेरा. विश्वजित तिथे काजूच्या कारखान्यात आहे. अप्पा अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. मला बघताच म्हणाले, "नानकटाई आणलीस?"

"अजून भट्टी लागायची आहे अप्पा."

मी विश्वजितला परसात नेलं. "विश्वा, फोन काढ. अप्पांच्या ऑपरेशनचे पैसे मी मांडलेत. तू खरं आहे म्हण."

त्याने फोनकडे पाहिलं. तिथे प्रश्न होता : 'ही रक्कम तुम्ही स्वतःच्या पैशातून दिली होती का?' वाचून त्याने फोन पालथा धरला.

"काय झालं? बोट मोडलंय का?"

"आक्का, मला ह्यात व्हय म्हणाय येत न्हाई."

"का?"

"खोटं हुईल." त्याने अंगणाकडे बघून आवाज खाली आणला. "तवा माझा पगार किती होता तुला म्हाईत न्हाई? अडीच लाख कुठलं आणू मी? दाजींनी दिलं. टेम्पो भंगारात न्हाई गेला. चंदगडच्या एका मंडपवाल्यानं घेतला. अप्पा जावयाचा पैसा घेतलं असतं व्हय? ऑपरेशनच्या टेबलावरनं उठून चालाय लागलं असतं. म्हणून दाजी म्हणालं, तू दे, तुझं नाव हुंदे. आक्काला सांगू नगंस, तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

माझ्या पोटात काही राहत नाही म्हणे! आणि स्वतःच्या पोटात पाच वर्षं एक अख्खा टेम्पो ठेवून बसला होता हा माणूस. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी धैर्यशीलचा असा राग येत होता की परसातली बादली उचलून कुणाला तरी मारावी. लाज वाटली ती त्यानंतर, आणि ती सगळ्यात जास्त वेळ टिकली. प्रत्येक दिवाळीचं ते वाक्य आठवलं. तो प्रत्येक वेळी "व्हय, विश्वा लई गुणी हाय" म्हणायचा आणि सायकलला कापड मारायला बाहेर जायचा.

निघताना अप्पांच्या पाया पडले. ते म्हणाले, "नानकटाई जरा जास्त भाज. तुझा नवरा कच्ची काढतोय."

बेकरीत पोचले तेव्हा साडेचार होत आले होते. धैर्यशील टोस्टचे ट्रे लावत होता. भट्टीच्या तोंडावर हिरवा आकडा, एकशे चाळीस.

"टेम्पो कितीला गेला होता ओ?" मी पदराने घाम पुसत विचारलं.

"भंगाराचं काय किती..."

"चंदगडला भंगार दोन लाख साठ हजाराला घेतात?"

त्याने सरळच असलेला ट्रे पुन्हा सरळ केला. मग म्हणाला, "विश्वाच्याबी पोटात काय ऱ्हात न्हाई."

"मी मांडलंय. प्रणाली चौगुले, देणेकरी. धैर्यशील चौगुले, घेणेकरी. तुमच्या फोनवर आलं असेल. दाबा."

"काढून टाक ते."

"का?"

"अप्पा माझं कोण न्हाईत?" तो खरोखर चिडला होता. त्याला चिडलेलं मी क्वचित बघते. "दवाखान्याचं बिल बायकोच्या नावावर उधार लावू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसतच नाही. पाकीट बंद असतं."

"मला दिसतंय की."

"भट्टी जाईल ओ. परवा वसुबारस आहे."

"जाऊ दे. सायकलीवर टोस्ट इकीन. पर बायकोकडनं असलं येणं लावणार न्हाई."

पावणेपाच वाजले. मी स्टूल ओढून त्याच्या समोर बसले. भांडून उपयोग नव्हता, भांडणात मीच नेहमी जिंकते आणि त्यामुळेच हे सगळं झालं होतं.

"माझं ऐका," मी म्हणाले. "पाच वर्षं मी चुकीच्या माणसाचे उपकार मानले. आणि ज्याचे मानायला हवे होते त्याला टोमणे मारले. तुम्ही मोठे झालात, पण मला किती लहान करून ठेवलंत ते तुम्हाला कळलं नाही. आता तरी मला बरोबर माणसाचं देणं लागू द्या."

"उपकार म्हणू नगंस," तो पुटपुटला.

"नाही म्हणत. देणंच म्हणते. खरं आहे की नाही एवढंच विचारतंय यंत्र. खरं आहे का?"

त्याने डोळे पुसले, मैद्याच्या हाताने, त्यामुळे भुवया पांढऱ्या झाल्या. "खरं हाय," तो म्हणाला, आणि दाबलं. चार वाजून बावन्न मिनिटं.

पाच वाजता आम्ही दोघं भट्टीसमोर उभे होतो. बसगोंडाकाका खिडकी बंद करून स्वतःच चालत आले होते. पाच वाजून सहा मिनिटांनी दोन्ही फोन एकदम वाजले. दोन लाख बारा हजार चारशे रुपयांचा फेरा पूर्ण झाला होता. थकबाकी संपली, वरचे आठ हजार चारशे मुद्दलात गेले. गावातल्या दोनशे एक्क्याण्णव घरांची भाजणावळ फिटली, संस्थेवरचा तेवढ्या ठेवींचा बोजा उतरला. एक नोटही कुणाच्या खिशातून हलली नव्हती.

भट्टीवरचा आकडा मात्र तसाच होता. एकशे चाळीस. धैर्यशीलने हळूच कळ फिरवली.

एकशे एक्केचाळीस.

मी आयुष्यात कुठला आकडा इतक्या प्रेमाने वाचला नसेल. एकशे पन्नास झाले तेव्हा धैर्यशील हसायला लागला. एकशे साठला काकांनी टाळ्या वाजवल्या, वसुली अधिकाऱ्याच्या टाळ्या, मोजून. एकशे सत्तरला शेजारच्या शिंप्याच्या दुकानातली दोघं "काय झालं, काय झालं" करत आली आणि भट्टी तापली एवढं कळल्यावर त्यांनीही आरडाओरडा केला. बातमी गल्लीत पोचायला फोन लागला नाही. पाऊण तासात दाराशी डब्यांची रांग होती, तुपाचे, मैद्याचे, वेलदोड्याच्या पुड्यांचे. तीन वर्षांची भाजणावळ एकदम फिटलेल्या बायकांचा आवाज तुम्ही ऐकलाय का? शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर होतो तसा.

रांगेत बसगोंडाकाकांच्या घरचाही डबा होता. "आमच्या हिची उधारी किती होती गं?" त्यांनी कानाशी येऊन विचारलं.

"एक हजार एकशे वीस. तीन वर्षांची."

"वसुली अधिकाऱ्याच्या घरात!" ते एवढे हसले की खोकला आला.

पहिला घाणा निघाला. कडा सोनेरी, मधे बारीक भेगा, वास थेट रस्त्यापर्यंत. त्यातल्या वीस मी मुद्दाम जास्त भाजून अप्पांसाठी बाजूला काढल्या. टेम्पोची गोष्ट अप्पांना कळलेली नाही. ती कळू द्यायची नाही असं आम्ही तिघांनी ठरवलंय, आणि हो, माझ्या पोटात राहिली आहे.

रांग ओसरल्यावर धैर्यशील काउंटरला टेकून उभा होता. माझा फोन पुन्हा वाजला. 'तुमच्याकडून धैर्यशील चौगुले यांचे सत्तेचाळीस हजार सहाशे रुपये येणे बाकी आहे. ही रक्कम त्यांनी माफ केली आहे. स्वीकारता का?'

मी त्याच्याकडे पाहिलं. तो उगाच छताकडे बघत होता.

मी 'नाही' दाबलं.

"का गं?" त्याचा फोन वाजल्यावर त्याने विचारलं. "आता कशाला ठेवतीस?"

"राहू दे. तुमचं थोडं तरी देणं लागते असं वाटलं पाहिजे मला. बरं वाटतंय."

त्याने पांढऱ्या भुवया वर केल्या. "बरं. मग देणार कधी?"

मी एक नानकटाई मोडून अर्धी त्याच्या तोंडात घातली.

"दिवाळी झाल्यावर देते," मी म्हणाले.